हुराकान, ९११ आणि शेवटचे ९०० मीटर

(मालकाच्या परवानगीने लिहिलेले प्रकरण. गाव, व्यवसाय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मोजमापे आहेत तशीच ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

वापरलेल्या महागड्या गाड्या गिऱ्हाइकाच्या वतीने तपासून देणे हे माझे काम. बहुतेक गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे. मी मूळचा रत्नागिरीकडचा, त्यामुळे २०२३ च्या दिवाळीत तिकडून फोन आला तेव्हा आधी वाटले, कोणीतरी आंब्याच्या टेम्पोबद्दल विचारत असेल.

फोन करणाऱ्यांना इथे अण्णा म्हणू. वय ५४, खाडीकाठच्या गावात कलमांची बाग आणि आंबा-कोकमाचा कारखाना. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात त्यांची जमीन गेली, तिचा मोबदला बँकेत पडून होता. भावांच्या वाटण्या झाल्या, मुलीचे लग्न होऊन नात सहा वर्षांची झाली, कारखान्याचे कर्ज फिटले. उरलेल्या पैशांतून त्यांना "एकदाच, पण खरीखुरी" स्पोर्ट्स कार घ्यायची होती. "रस्त्यानं जमीन नेली, आता वसुली रस्त्यावरच," असे ते म्हणाले. तो महामार्ग २०११ पासून होतोच आहे, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवले नाही.

अंदाज दोन कोटींचा, सगळे धरून. आणि गाडीही ठरलेली: लॅम्बोर्गिनी हुराकान. पिवळी.

अडचण

मी विचारले, "अण्णा, गाडी चालवणार कुठे?"

"आरे-वारेला. पहाटे साडेपाचला, रहदारी नसते तेव्हा. गणपतीपुळ्याला जायचं, चहा प्यायचा, परत यायचं."

उत्तर चांगले होते. बहुतेक लोकांना हे सांगताच येत नाही. डाव्या-उजव्या हाताला समुद्र ठेवत डोंगराच्या कडेने जाणारा तो रस्ता खरोखर अशा गाडीसाठीच आहे. पण तिथे पोचायला आधी घरातून निघावे लागते. मी त्यांच्या घरी गेलेलो होतो. डांबरी फाट्यापासून घरापर्यंत ९०० मीटर: दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी बांध), मध्ये पऱ्यावरचा साकव (ओढ्यावरचा लहान पूल), शाळेजवळचे गतिरोधक आणि शेवटी अंगणात उतरणारी घाटी.

म्हणून मी एकच अट घातली. गाडी बघण्याआधी हे ९०० मीटर मोजायचे.

अण्णांच्या पत्नीचे, म्हणजे काकूंचे, म्हणणे त्याच दिवशी वेगळेच होते. "गाडी घ्या, मी नाही म्हणत नाही. पण कोल्हापुरात माझ्या भावाकडे ठेवा. इथं पावसाळ्यात पापड टिकत नाही, गाडी काय टिकणार?" आम्ही दोघेही हसलो. हे वाक्य पुढे परत येणार आहे.

पट्टीची चाचणी

मुंबईत विक्रीला असलेल्या तीन-चार गाड्यांच्या पोटाखालची जागा मी टेपने मोजून आणली होती. सगळ्यात कमी जागा ११ ते १२ सेंटीमीटर भरली. अण्णांच्या जुन्या सेडानचे चाक-अंतर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २६० सेंटीमीटर, म्हणजे हुराकानच्या २६२ सेंटीमीटरच्या अगदी जवळ. कारखान्यातल्या सुताराने प्लायची एक पट्टी कापली, ती सेडानच्या पोटाखाली जमिनीपासून ११ सेंटीमीटरवर बांधली, दुसरी नाकाखाली. दोन्हींना खालून खडू फासला. मग अण्णा पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेऊ लागले आणि मी मागून वाकून बघत चाललो. वाडीतली पोरे गोळा झाली. एका म्हाताऱ्याने विचारले, "गाडीला लंगोट कशाला बांधलाव?"

सात ठिकाणी पट्टी घासली.

यातले गतिरोधकांचे गणित जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, त्याच्या कमानीची त्रिज्या १७ मीटर. असल्या कमानीवर २४५ सेंटीमीटर चाक-अंतराची पोर्शे ९११ मधोमध उभी राहिली, तर पोटाखालची फक्त साडेचार सेंटीमीटर जागा जाते. हुराकानची पाच. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर यातली कुठलीही गाडी, हळू नेली तर, अडकत नाही. अडकते ती एखाद्या अपघातानंतर रातोरात टाकलेल्या डांबराच्या ढिगावर. शाळेजवळचा ढीग १७ सेंटीमीटर उंच आणि जेमतेम दीड मीटर रुंद होता. त्यावर पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट माथ्यावर, अशी गत होते.

पुढचा भाग वर उचलणारी यंत्रणा दोन्ही गाड्यांना मिळते आणि विक्रेते हाच तोडगा सांगतात. ती नाक साधारण चार सेंटीमीटर उचलते. नाकच. पोट आणि मागचा भाग जवळपास तिथेच राहतो. म्हणून मी दोन पट्ट्या बांधल्या होत्या. सातपैकी चार खुणा नाकाच्या निघाल्या, त्या यंत्रणेने सुटणार होत्या. तीन पोटाच्या होत्या: दोन गतिरोधक आणि साकवाच्या कडेची पायरी.

रुंदीचे उत्तर त्याहून सरळ मिळाले. दोन गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा २ मीटर ४० सेंटीमीटर. हुराकान आरशांसह सव्वादोन मीटरच्या जेमतेम आत. दोन्ही बाजूंना आठेक सेंटीमीटर, आणि तीही वळणावर. अण्णा टेपकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गडगा आजोबांनी घातलाय. हलवायचा नाही."

पर्याय

पिवळी हुराकान लगेच बाद झाली असे नाही. आम्ही ती मुंबईत जाऊन पाहिली. २०१६ ची, ५.२ लिटरचे व्ही-१० इंजिन, ६१० अश्वशक्ती. इंजिन सुरू झाल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते बघून मला वाटले, माझी टेप घेऊन मी घरी जावे. मागणी २ कोटी १५ लाख, वर विमा. लिफ्टवर चढवल्यावर मात्र खालच्या पॅनेलवर लांबच्या लांब ओरखडे दिसले. आधीच्या मालकाच्या शहरी गतिरोधकांचीच ती सही होती. अण्णांनी स्वतः वाकून बघितले आणि काही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात एका दलालाने लॅम्बोर्गिनीचीच गॅलार्डो सुचवली. जुने मॉडेल, हुराकानच्या निम्म्याहून कमी पैशांत, नंबर पुदुच्चेरीचा. इथे दोन पेच होते. पहिला यांत्रिक: ती गाडी एकच क्लच आपोआप दाबणाऱ्या जुन्या ई-गिअरची होती. असा क्लच सरळ रस्त्यावर टिकतो, पण चढावर इंच इंच पुढेमागे करताना झिजतो. अण्णांच्या घाटीवर रोज तेच होणार होते. दुसरा पेच कागदाचा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी जिथे राहते तिथेच तिची नोंदणी असायला हवी, आणि दुसऱ्या राज्यात वर्षभराहून अधिक ठेवली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर नव्याने. महागड्या गाडीला तेव्हा हा कर कमाल २० लाख रुपये होता (जुलै २०२५ पासून ही मर्यादा ३० लाख झाली). "कोण बघतंय तिकडे कोकणात?" असे दलाल म्हणाला. रत्नागिरीत पुदुच्चेरीच्या नंबरची लॅम्बोर्गिनी कोणाच्या नजरेतून सुटेल, हे मला अजून कळलेले नाही.

फोर्डची मस्टँग जीटी माझ्या यादीत होती. पाच लिटरचे व्ही-८, पैसे बरेच कमी. पण चाक-अंतर २७२ सेंटीमीटर, म्हणजे साकवावर पोट आणखी टेकणार. पोर्शेची ७१८ केमन मला स्वतःला आवडते. इंजिन मध्यावर, सामानाला पुढे आणि मागे अशा दोन जागा, वळणावर फार गोड गाडी. पण आसने दोनच. नातीने फोनवर विचारले, "मग मी कुठे बसू?" केमन तिथे संपली.

उरली ९११ करेरा. ९९२ पिढीची, २०२० ची, तीन लिटरची दोन टर्बोंची सहा सिलिंडर, ३८५ अश्वशक्ती. मागे मुलांपुरती दोन आसने. आरशांसह रुंदी दोन मीटरच्या थोडी वर. चाक-अंतर यादीत सगळ्यात कमी. अण्णांना ती पहिल्यांदा "शाळेच्या बाईंची गाडी" वाटली. त्यांच्या आईने फोटो बघून विचारले, "एवढे पैसे देऊन बेडूक?" रंगही पिवळा नव्हता, राखाडी होता.

निर्णयाचा क्षण

मी अण्णांना दोन्ही गाड्या अर्धा-अर्धा तास चालवायला लावल्या. नंतर आम्ही रस्त्याकडेला वडापाव खात उभे होतो. मी काहीच सुचवले नाही. ते म्हणाले, "ती पिवळी मला घाबरवते. आवडतं ते मला. पण गावात नेताना प्रत्येक वेळी घाबरलो, तर मी ती बाहेरच काढणार नाही. कपाटातली पैठणी होईल तिची."

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय तो. पट्टीने फक्त तो बोलायला वाव दिला. हुराकान घेतली असती तर चूक झाली असती असे मी म्हणणार नाही. शहरात, सपाट तळघरात ठेवणाऱ्यासाठी तीच बरोबर असते.

तपासणी आणि व्यवहार

९११ चे मीटर ८,४०० किलोमीटर दाखवत होते. इंजिनाच्या संगणकात चालू तासांची नोंद असते, ती ३१० निघाली. भागाकार केला की सरासरी वेग ताशी २७ किलोमीटर. मुंबईच्या गाडीला शोभेल असाच, त्यामुळे मीटर फिरवल्याचा संशय नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते गाडीच्या वयाशी जुळले. जाडी मोजायच्या यंत्रात एका दारावर रंगाचा थर दुप्पट आला. विक्रेत्याने पार्किंगमधला ओरखडा सांगितला, दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू अस्पर्श होते, तेव्हा मान्य केले.

अडले ते कागदावर. वाहन पोर्टलवर बँकेचा बोजा अजून होता. "कर्ज केव्हाच फिटलंय, पत्र येईल," असे विक्रेत्याचे म्हणणे. शिवाय दुसरे गिऱ्हाईक उभे असल्याचे नेहमीचे पालुपद. अण्णा पूर्ण पैसे द्यायला निघाले होते. मी त्यांना थांबवले: १ कोटी ४२ लाखांपैकी १० लाख रोखून ठेवा, फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागून बोजा उतरला की द्या. विक्रेता चिडला, पण तयार झाला. बोजा उतरायला १९ दिवस लागले. दुसरे गिऱ्हाईक काही आले नाही.

सीएने गाडी कंपनीच्या नावावर घेऊन घसारा मिळवायचे सुचवले होते. पहाटे चहाला जायची गाडी कारखान्याच्या कामाची कशी दाखवणार, या प्रश्नावर तो विषय मिटला. विम्यात मात्र काटकसर केली नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा किती जणांनी पाण्यातली गाडी चालू करून बघितली आणि इंजिन गमावले, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले.

गाव तयार करणे

तीन खुणा पोटाच्या होत्या, त्यांचे काय? साकवाची पायरी घराच्या हद्दीला लागून होती. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन तिथे काँक्रीटचा उतार ओतला. गतिरोधकांचा विषय ग्रामसभेत गेला. "एका माणसाच्या गाडीसाठी रस्ता बदलायचा?" हा प्रश्न रास्त होता. पण आशाताई उठल्या आणि म्हणाल्या की बाळंतीण घेऊन जाताना १०८ ची गाडी त्याच दोन ढिगांवर आपटते, ते दोन वर्षे कोणी ऐकले नाही. दोन्ही ढिगांना दोन्ही बाजूंनी लांब उतार मिळाले. श्रेय अण्णांच्या गाडीला मिळाले, हक्क मात्र आशाताईंचा होता.

गॅरेजसाठी सपाट जागा एकच होती, दोन माडांच्या खाली. नारळ किंवा झावळी पडली तर काचेचे काय होईल ते सांगायला नको. अण्णांच्या आई माड तोडू देईनात. "सासऱ्यांनी लावलेत." शेवटी गॅरेज घराच्या मागे, कातळाला टेकून बांधले. ही जागा मीही मान्य केली होती.

गाडी जानेवारी २०२४ मध्ये मुंबईहून सपाट ट्रकवर आली. हातखंब्यापर्यंत ठीक. गावच्या फाट्यावर ट्रक वळेना, तिथून अण्णांनी स्वतः चालवत नेली. ९०० मीटरला अकरा मिनिटे लागली. पट्टीवरच्या सातही जागा सुटल्या.

नंतर जे झाले

पहिले चार महिने दृष्ट लागण्यासारखे गेले. आरे-वारे, चहा, परत. एप्रिलमध्ये पुढच्या डिकीत हापूसचे दोन खोके टाकून अण्णा कोल्हापूरला मेहुण्यांकडे जाऊन आले आणि तो फोटो मला तीनदा पाठवला.

मे मध्ये ते सासरवाडीला निघाले, गुहागरकडे. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने. ओहोटी होती. बोट धक्क्याच्या उतारावर बरीच खाली लागलेली, फळी तिरकी. अण्णांनी नाक उचलले, नाक सुटले, आणि फळी जिथे बोटीला मिळते त्या उंचवट्यावर पोटाचे प्लास्टिकचे आच्छादन खर्रकन निघून आले. बोटीवरच्या पोराने शांतपणे सांगितले, "काका, असल्या गाडीला भरतीला यायचं."

ही चूक माझी. मी घर ते फाटा मोजले. माणूस सासरवाडीला जातो हे विचारले नाही. "कुठे चालवणार?" याच्या पुढचा प्रश्न "आणखी कुठे जाता?" हा होता.

खरा फटका पावसात बसला. ठरले होते की मेअखेर गाडी कोल्हापुरात हलवायची. घरी पाहुणे होते, म्हणून दहा दिवस पुढे ढकलले. तेवढ्यात पाऊस लागला, पऱ्याला पाणी आले आणि साकवाजवळची बाजूपट्टी खचली. गाडी मागच्या गॅरेजात अडकली ती जवळजवळ तीन महिने. कातळ पावसात पाझरतो. ओलावा शोषणारे यंत्र लावले होते, पण वीज गेली की ते बंद, आणि परत आल्यावर हाताने चालू करावे लागे. बॅटरीला हळू चार्ज देणारे यंत्रही त्याच प्लगवर. गोकुळाष्टमीच्या सुमारास दार उघडले तेव्हा स्टिअरिंगच्या चामड्यावर पांढरी बुरशी, ब्रेकच्या डिस्क तांबड्या, बॅटरी मृत. उंदरांनी मागच्या बाजूची वायर कुरतडली होती. बुरशी आणि गंज दोन दिवसांत गेले. वायरिंगला मुंबईत २ लाख ८० हजार लागले, नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा.

त्या बिलाबद्दल बोलायला मी गेलो तेव्हा काकूंनी पोह्याचे पापड तळले होते. मुद्दाम असावे. त्यांनी एक शब्दही काढला नाही.

वेगळे काय करता आले असते

कोल्हापूरचा पर्याय आम्ही तोलूनच पाहिला नव्हता. हुराकान, गॅलार्डो, मस्टँग या सगळ्यांना मी वहीत एकेक पान दिले होते, काकूंच्या सूचनेला एक ओळही नाही. ती घरातली कुरकूर वाटली. खरे तर आमच्यात कोकणातल्या ओलाव्यात घरातल्या वस्तू टिकवण्याचा तीस वर्षांचा अनुभव फक्त त्यांच्याकडे होता, आणि त्यांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. आता गाडी १५ मे ला घाट चढते आणि दसऱ्यानंतर उतरते. तारीख काकू ठरवतात.

गॅरेजही मी आज पुढच्या अंगणात, माडांपासून दूर, चारही बाजूंनी वारा खेळता ठेवून बांधायला सांगितले असते, जागा कमी पडली तरी. बंद आणि ओले यापेक्षा उघडे आणि वाहते बरे.

टायरचा विचारही आधी करायला हवा होता. मागचे टायर २९५ रुंदीचे, २० इंची. या गाडीत स्टेपनी नाही, फक्त चिकट द्रावण आणि छोटा कंप्रेसर. रत्नागिरीत त्या मापाचा टायर आम्हाला एकाही दुकानात मिळाला नाही. अण्णांनी मागाहून एक जोडी आणून माळ्यावर ठेवली आहे, ती भाताच्या पोत्यांशेजारी आहे.

१० लाख रोखणे, दोन्ही गाड्या चालवायला लावणे आणि पट्टी, हे मी पुन्हा तसेच करीन. हुराकानबद्दल अण्णांना मी मध्येच एकदा विचारले. म्हणाले, "तिचा आवाज अजून येतो कानात. पण चहाला कोण घेऊन जातं?"

प्लायची पट्टी अजून त्यांच्या पडवीत खुंटीला आहे, खडूच्या खुणांसकट. गेल्या महिन्यात पलीकडच्या वाडीतला एक तरुण ती मागायला आला. त्याला मस्टँग बघायची आहे. अण्णांनी पट्टी दिली, आणि सोबत जयगडच्या भरती-ओहोटीचा तक्ताही.